धरणसाठा टक्क्यांत नको, दिवसांत सांगा

मराठवाड्यात पावसाळा सरत आला की वर्तमानपत्रांत एक आकडा ठळक टाइपात दिसू लागतो: विभागातील धरणांत अमुक टक्के उपयुक्त साठा. त्याच्या शेजारी गेल्या वर्षीचा याच तारखेचा आकडा असतो आणि दोहोंमधला फरक पाहून वाचक एक तर हुश्श करतो किंवा काळजीत पडतो. हा आकडा खोटा नसतो. तो रोज सकाळी मोजलेला असतो, जलसंपदा विभागाच्या तक्त्यांतून आलेला असतो. तरीही ज्या रूपात तो लोकांपुढे आणि बैठकांपुढे ठेवला जातो, त्या रूपात टंचाईच्या नियोजनाला त्याचा फारसा उपयोग होत नाही. धरणसाठा हाच या विभागातील दुष्काळ नियोजनाचा मुख्य आधार असावा, असे माझे मत आहे. मात्र तो विभागाची सरासरी म्हणून न सांगता एकेका धरणापुरता आणि किती दिवस पुरेल या हिशेबाने सांगितला गेला पाहिजे, आणि कोणत्या तारखेला तो किती खाली असेल तर कोणता निर्णय आपोआप लागू होईल, हे मोजणीच्या आधीच ठरलेले असले पाहिजे.

हा आकडा तयार कसा होतो ते आधी पाहू. धरणाच्या भिंतीजवळ किंवा विहिरीच्या मनोऱ्यावर मोजपट्टी असते. तिच्यावरची पाण्याची पातळी वाचली जाते आणि क्षमतेच्या तक्त्यात त्या पातळीसमोर किती दशलक्ष घनमीटर पाणी लिहिले आहे ते पाहिले जाते. त्यातून मृतसाठा, म्हणजे तळाचे, सहसा सोडता न येणारे पाणी, वजा केला की उपयुक्त साठा उरतो, आणि त्याला एकूण उपयुक्त क्षमतेने भागले की टक्केवारी मिळते. पाणी कालव्याच्या विमोचकाच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या दाराच्या, तळापेक्षा खाली गेले की धरण ‘जोत्याखाली’ गेले असे म्हणतात. म्हणजे प्रत्यक्ष मोजली जाते ती फक्त पातळी. पाण्याचे परिमाण तक्त्यातून येते. धरणात गाळ साचत जातो, तसतसे त्याच पातळीला तक्त्यातल्यापेक्षा कमी पाणी असते. ज्या धरणाचे गाळ सर्वेक्षण वर्षानुवर्षे झालेले नाही, तिथली टक्केवारी दिसते त्यापेक्षा थोडी उदार असते, हे वाचताना ध्यानात ठेवलेले बरे.

पण खरी दिशाभूल सरासरीत आहे. मराठवाड्यातील ११ मोठ्या प्रकल्पांची एकूण उपयुक्त क्षमता सुमारे ५,१४० दशलक्ष घनमीटर (दलघमी) आहे. त्यांपैकी पैठणच्या जायकवाडीची एकट्याची २,१७१ दलघमी, पैनगंगेवरील इसापूरची ९६४ आणि पूर्णेवरील येलदरीची ८०९. ही तीनच धरणे एकूण क्षमतेचा तीन-चतुर्थांशाहून अधिक हिस्सा धरतात. उलट लातूर, धाराशिव आणि बीडचा दक्षिण भाग ज्यांच्या भरवशावर आहे ती मांजरा, निम्न तेरणा आणि सीना-कोळेगाव ही तीन धरणे मिळून ३५० दलघमीच्याही आत राहतात, म्हणजे एकूण क्षमतेच्या सात टक्केसुद्धा नाहीत. हिशेब सरळ आहे: पहिली तीन धरणे काठोकाठ भरली आणि बाकीची आठही जोत्याखाली गेली, तरी मोठ्या प्रकल्पांत जवळपास ७७ टक्के साठा असल्याची बातमी छापून येईल, आणि ती खरी असेल. जायकवाडीत दहा टक्क्यांची वाढ झाली की जेवढे पाणी येते, तेवढे पाणी धनेगावचे मांजरा धरण पूर्ण भरल्यावरही त्याच्या उपयुक्त साठ्यात मावत नाही.

हे निव्वळ कागदावरचे गणित नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नाशिककडच्या पुराने जायकवाडी ९० टक्क्यांच्या पुढे गेले. त्यानंतरच्या महिन्यात लातूरमध्ये गणेशमूर्तींचे विसर्जन पाण्याअभावी करू नये, मूर्ती दान कराव्यात, असे आवाहन करण्याची वेळ आली, कारण मांजरा प्रकल्पात शहराला द्यायलाच पाणी उरले नव्हते. विभागाचा सरासरी आकडा त्या महिन्यात चांगलाच सुधारलेला होता. तो वाचून मुंबईतल्या एखाद्या सचिवाने मराठवाड्याची चिंता मिटली असे समजले असते, तर त्याला दोष तरी कसा द्यावा?

यामागचे कारण भूगोलात आहे. जायकवाडीचा मोठा येवा, म्हणजे धरणात येणारे पाणी, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून, नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या पाणलोटातून येतो. मराठवाड्यात एक थेंब पडला नाही तरी नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, भरू शकतो. मांजरा, तेरणा, सिंदफणा या नद्यांचे मात्र तसे नाही. त्या बालाघाटाच्या रांगांत उगवतात आणि त्यांना पाणी देणारा पाऊस इथलाच, तोही बहुतेकदा सप्टेंबरातला आणि परतीचा. म्हणून जायकवाडी आणि मांजरा यांना एका सरासरीत बसवणे म्हणजे दोन वेगळ्या पावसाळ्यांची बेरीज करणे होय. गोदावरी खोऱ्याचा वरचा भाग, पूर्णा-दुधना, मांजरा-तेरणा, पैनगंगा आणि सीना असे निदान पाच वेगळे ताळेबंद मांडले, तरच दुष्काळ कुठे येतो आहे ते दिसेल.

आता दिवसांच्या हिशेबाकडे वळू. लातूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ३ लाख ८३ हजारांच्या आसपास. दरडोई दिवसाला १३५ लिटर धरले, तर शहराला रोज सव्वापाच कोटी लिटरच्या आत, म्हणजे ०.०५ दलघमीपेक्षा किंचित अधिक पाणी लागते. वर्षाची गरज होते सुमारे १९ दलघमी. मांजराची उपयुक्त क्षमता १७७ दलघमी आहे. म्हणजे पूर्ण भरलेल्या धरणातला नववा हिस्सा शहराची वर्षभराची तहान भागवू शकतो. गळती, बाष्पीभवन आणि वाढलेली लोकसंख्या यांच्यासाठी ही गरज दुप्पट धरा, त्यात केज, अंबाजोगाई, धारूर, कळंब यांची भर घाला, तरीही पिण्याचे पाणी हा या धरणावरचा मोठा बोजा ठरत नाही. मग २०१६ साली मिरजेहून ३४० किलोमीटरवरून रेल्वेने पाणी का आणावे लागले?

उत्तर पावसाच्या तुटीत आहेच, कारण त्याआधीची वर्षे सलग वाईट गेली होती. पण तेवढ्यात ते संपत नाही. धरणात जेव्हा पाणी होते तेव्हा पिण्यासाठी किती राखायचे, तेही एका वर्षापुरते की दोन वर्षांसाठी, हे धरणातल्या पाण्याच्या दिवसांवरून ठरवले गेले नाही. ‘जलदूत’ म्हणून गाजलेली ती गाडी पहिल्या फेरीत १० टाक्यांतून ५ लाख लिटर पाणी घेऊन १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला पोहोचली. वरच्या हिशेबाने ते शहराच्या एका दिवसाच्या गरजेच्या एक टक्का होते. पुढे ५० टाक्यांची गाडी आली तेव्हा पाच टक्क्यांच्या जवळपास. रेल्वे कर्मचाऱ्यांच्या आणि स्थानिक प्रशासनाच्या धावपळीला मी कमी लेखत नाही. पण मांजरा कोरडे आहे ही गोष्ट आदल्या ऑक्टोबरातच मोजपट्टीवर दिसत होती. सार्वजनिक पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागू झाली ती मार्चमध्ये. मधल्या पाच महिन्यांत त्या आकड्याने कोणावरही काहीच बंधन घातले नाही.

दिवसांचा हिशेब मांडताना बाष्पीभवन डोळ्यांआड करून चालणार नाही. नाथसागर पसरट आणि उथळ आहे. पूर्ण भरल्यावर त्याचे पाणी ३५ हजार हेक्टरांच्या आसपास पसरते. उन्हाळ्यात पाणी आटून ते २० हजार हेक्टरांवर आले आणि दिवसाला ८ मिलिमीटर वाफ झाली असे धरले, तरी रोज १.६ दलघमी पाणी उडून जाते. दरडोई १३५ लिटरच्या मापाने ती जवळपास १ कोटी १८ लाख माणसांची एका दिवसाची गरज झाली. हे पाणी कोणी चोरत नाही, कोणी वापरत नाही, आणि त्यावर मोर्चाही निघत नाही. म्हणूनच ‘जायकवाडीत ३० टक्के आहे, काळजी नको’ हे फेब्रुवारीतले वाक्य आणि तेच ऑक्टोबरातले वाक्य यांचे अर्थ वेगळे होतात. दिवसांत मोजले की वाफ आपोआप हिशेबात येते. टक्क्यांत ती कधीच दिसत नाही.

शासनाच्या दुष्काळ जाहीर करण्याच्या पद्धतीत साठ्याला कोणते स्थान आहे? पूर्वी सगळा भार पैसेवारीवर, म्हणजे गावातील पिकाच्या उत्पन्नाच्या सरकारी अंदाजावर, होता: ५० पैशांच्या आत की बाहेर, एवढ्यावर गावाचे भवितव्य ठरायचे, आणि खरिपाची अंतिम पैसेवारी यायला डिसेंबरचा मध्य उजाडायचा. केंद्राची २०१६ ची दुष्काळ व्यवस्थापन संहिता आल्यावर आणि राज्याने २०१७ मध्ये ती स्वीकारल्यावर पद्धत बदलली. आता आधी पावसाची तूट आणि खंड पाहिले जातात, मग पेरणीचे क्षेत्र, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती, जमिनीतील ओलावा आणि जलविषयक निर्देशांक. जलाशयातील साठा या शेवटच्या गटात, भूजल आणि नदीप्रवाहाच्या जोडीला, येऊन बसतो. या पद्धतीने २०१८ मध्ये ३१ ऑक्टोबरला राज्यातील १५१ तालुके दुष्काळी ठरले आणि २०२३ मध्ये त्याच तारखेला ४० तालुके. जुन्या पद्धतीच्या तुलनेत ही वेगवान आहे, हे मान्य करायला हवे.

पण जाहीर झाल्यावर काय मिळते ती यादी नीट वाचावी. जमीन महसुलात सूट, पीक कर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कात माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, गरज तिथे टँकर, आणि टंचाईच्या गावांत शेतीपंपांची वीज न तोडणे. सगळ्या सवलती हव्याच आहेत, शेतकऱ्याला त्या कमीच पडतात. मात्र टँकर सोडला तर यातली एकही गोष्ट पाण्याच्या वाटपाला हात लावत नाही. धरणातले उरलेले पाणी कोणाला, किती आणि कधीपर्यंत, या प्रश्नावर दुष्काळाची घोषणा मूक असते. आणि टंचाईतल्या गावाची वीज तोडू नये या सवलतीची गाठ, जलाशयाच्या फुगवट्यातील मोटारी बंद करण्याच्या आदेशाशी पडते, तेव्हा काय करायचे हे तहसीलदाराने आपल्या हिमतीवर ठरवायचे.

फुगवट्यातल्या या मोटारींविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. वाईट वर्षाच्या फेब्रुवारीत कोणत्याही मध्यम प्रकल्पाच्या काठावर गेले तर दिसते की पाणी जसजसे मागे सरते तसतशा मोटारीही त्याच्या मागे सरकलेल्या असतात. भेगाळलेल्या गाळावरून काळे पाइप पसरलेले असतात, बांबूंवर वायर टांगलेली असते, आणि पाण्यापर्यंत पोहोचण्यासाठी जेसीबीने चर खोदलेले असतात. काही मोटारी परवान्याच्या, बऱ्याच विनापरवाना. त्यांच्या मालकांना एकजात चोर ठरवणे सोपे आहे, पण त्यांतल्या अनेकांच्या जमिनी याच धरणाखाली गेलेल्या असतात आणि कालवा त्यांच्या शेताकडे कधीच येणार नसतो. त्यांना ऑक्टोबरातच ‘या वर्षी १ जानेवारीनंतर उपसा बंद’ असे लेखी सांगितले, तर ते गव्हाऐवजी हरभरा घेतील किंवा ज्वारी कोरडवाहू काढतील. मार्चमध्ये उभ्या पिकातून वीज तोडायला पथक आले तर हाणामारी होणारच.

साठा आणि निर्णय यांची कायद्याने घातलेली एक गाठ मात्र आपल्याकडे आहे, आणि ती आपणच मागून घेतली आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम २००५ च्या कलम १२(६)(ग) प्रमाणे खोऱ्यातील धरणांत ऑक्टोबरअखेर साठ्याची टक्केवारी शक्यतो समान असावी असे तत्त्व आले. याच वाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीने त्याचे कोष्टक घालून दिले, प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी आदेश काढला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या धरणांतून किती पाणी सोडायचे ते कोष्टकातून काढता येते. २०२३ मध्ये याच नियमाने ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश निघाला. तो निघाल्यावरही आंदोलने आणि न्यायालयीन फेऱ्या झाल्या, आणि प्रत्यक्ष पाणी सुटायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा लागला. तरीही तारीख आणि आकडा आधी ठरलेला असल्यामुळे वाद पाणी द्यायचे की नाही यावर फार काळ टिकू शकला नाही.

नाशिक-अहिल्यानगरकडून समन्यायाची मागणी करताना आपण ज्या नियमाचा आधार घेतो, तो नियम आपल्या घरात मात्र आपण लावत नाही, हे कोणीतरी स्पष्ट म्हणायला हवे. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा आहे. त्याच्या सुरुवातीच्या पैठण-अंबडच्या शेतकऱ्याला साठा ४० टक्क्यांवर असताना किती आवर्तने, म्हणजे कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या, आणि शेवटच्या टोकाच्या परभणीकडच्या शेतकऱ्याला किती, याचे आधी छापलेले कोष्टक कुठे आहे? मांजरा खोऱ्यात वरच्या अंगाला पाटोदा, केज, वाशी, कळंब या तालुक्यांत किती मध्यम आणि लघु तलाव मांजराच्या आधी पाणी अडवतात, खाली लातूरकडे बंधाऱ्यांची मालिका काय घेते, याचा एकत्र ताळेबंद कालव्याच्या पाण्याचे वाटप ठरवणाऱ्या कोणत्याही कालवा सल्लागार समितीपुढे नियमाने येत नाही. वरच्याने खालच्याचा विचार करावा हे तत्त्व सिन्नर आणि राहात्यासाठी खरे असेल, तर ते केज आणि अंबडसाठीही खरे आहे.

कालवा सल्लागार समितीची बैठक कधी होते, यावर सगळे अवलंबून आहे. रब्बीची ज्वारी आणि हरभरा ऑक्टोबरात पेरला जातो. पालकमंत्र्यांची तारीख मिळून बैठक नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरात झाली, तर तोपर्यंत शेतकऱ्याने बियाणे-खत घातलेले असते आणि ‘या वर्षी एकच पाणीपाळी’ हा निर्णय नियोजन न राहता केवळ वाईट बातमी बनतो. म्हणून १५ ऑक्टोबरच्या साठ्यावरून रब्बीची आवर्तने किती हे २० ऑक्टोबरच्या आत जाहीर होणे, बैठक होवो न होवो, बंधनकारक असावे. त्याच दिवशी पिण्याचे राखीव पाणी बाजूला काढले जावे, आणि ते पुढच्या जुलैअखेरपर्यंतचे न धरता पुढच्या १५ ऑक्टोबरपर्यंतचे धरावे, कारण मांजरा-तेरणेला येवा जुलैत येतो हा अनुभव नाही. मग १ जानेवारीला एक आणि १ मार्चला एक अशा दोन फेरतपासण्या कराव्यात: पिण्याचे दिवस ठरलेल्या रेषेच्या खाली गेले तर आधी औद्योगिक पाण्यात कपात, मग उपसा सिंचन बंद, मग शहरांत एक दिवसाआड किंवा त्याहून लांब पाळी. हा क्रम ज्याला पटत नसेल त्याने तो बदलावा, पण पाणी असताना बदलावा.

यावर रास्त आक्षेप आहेत. सर्वांत मोठा आक्षेप अनिश्चिततेचा: ऑगस्टअखेर कोरडे दिसणारे धरण सप्टेंबरच्या एका आठवड्यात भरते, मांजराने ते अनेकदा करून दाखवले आहे, मग घाईने निर्बंध लावून शेतकऱ्याचे नुकसान का करायचे? म्हणूनच खरी रेषा १५ ऑक्टोबरची असावी. ऑगस्टात फक्त मागे घेता येतील अशाच गोष्टी कराव्यात, जसे नव्या उपसा परवानग्या थांबवणे. दुसरा आक्षेप लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याचा: धरण आमच्या सिंचनासाठी बांधले, आता शहर आणि उद्योग पाणी घेतात आणि आमचा कालवा बंद. हा आक्षेप खोडता येत नाही, त्याची भरपाईच करावी लागेल. ज्या वर्षी राखीव साठ्यामुळे पाणीपाळी रद्द होईल त्या वर्षी पाणीपट्टी माफ करणे ही पहिली पायरी झाली. ज्या उद्योगांना त्या पाण्यातून पुरवठा चालू राहतो त्यांच्या वाढीव दरातून लाभक्षेत्रासाठी निधी उभा राहणे ही दुसरी.

धरणाच्या आकड्याला स्वतःचीही मर्यादा आहे. मराठवाड्यातली बहुसंख्य खेडी धरणाचे पाणी पीत नाहीत. ती विहिरीचे आणि बोअरचे पितात. काळ्या दगडात पाणी धरणाऱ्या भेगा थोड्या, त्यामुळे विहीर पावसाळ्यात वर येते आणि फेब्रुवारीत तळ दाखवते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत निरीक्षण विहिरींची पातळी मोजते आणि आधीच्या वर्षांच्या सरासरीशी ताडते. ऑक्टोबरचे ते आकडे धरणसाठ्याच्या तक्त्याशेजारी तालुकावार ठेवले, तर टँकर कुठे लागणार हे नोव्हेंबरात सांगता येईल. आष्टी-पाटोद्याच्या किंवा भूम-परंड्याच्या वाडी-वस्तीला जायकवाडी शंभर टक्के भरल्याने काहीच फरक पडत नाही.

अकरा धरणे जोडणाऱ्या मराठवाडा ग्रीडची चर्चा २०१८-१९ पासून चालू आहे. नळ जोडले म्हणून वाटपाचे नियम आपोआप येत नाहीत. ते नसतील तर मोठ्या धरणाच्या पाण्यावरचे भांडण लहान धरणापर्यंत पोहोचेल इतकेच.

आणि सर्वांत अवघड निर्णय भरल्या वर्षाचा आहे. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने सीना, मांजरा, सिंदफणा काठच्या गावांत पाणी शिरले, पिके वाहून गेली, धरणे ओसंडली. अशा वर्षी टंचाईचे नाव काढणे विचित्र वाटते, पण पुढच्या टंचाईचा पाया तेव्हाच घातला जातो. धरण भरले की ऊस लागतो. ऊस जमिनीत बारा ते अठरा महिने राहतो आणि मग खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून फुटणारा ऊस) राहतो, म्हणजे भरल्या ऑक्टोबरात लावलेले टिपरू पुढच्या आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातले पाणी आजच मागून ठेवते. तुटीच्या खोऱ्यांत उसासारख्या पिकांना आवर घालावा हे माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्येच सांगून ठेवले आहे. सरसकट ऊसबंदी कोणतेही सरकार आणणार नाही, आणि साखर कारखान्यांवर उभे असलेले राजकारण पाहता तिची वाट पाहण्यातही अर्थ नाही. पण मांजरा, तेरणा आणि सीनेच्या धरणांत पूर्ण साठ्याच्या वर्षीही दुसऱ्या वर्षाचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्या पाण्यात जेवढा बसेल तेवढ्याच उसाला कालव्याची आणि उपशाची परवानगी द्यायची, एवढे करायला नवा कायदा लागत नाही. त्यासाठी १५ ऑक्टोबरच्या तक्त्यात ‘टक्के’ या रकान्याशेजारी ‘पिण्याचे दिवस’ असा आणखी एक रकाना लागतो, आणि तो भरून त्यावर सही करणारा कार्यकारी अभियंता लागतो.